'सरी' म्हणजे होकार नव्हे

डॉक्टरांनी विमलला वजन करायला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. वजन आत येतानाच झालं होतं.

त्यांनी सोनोग्राफीची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. "ओव्हरियन मास आहे. दोन्ही बाजूंना. पोटात पाणीही दिसतंय." ओव्हरी म्हणजे स्त्रीचा बीजांडकोश आणि मास म्हणजे गाठ, हे त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवत समजावलं. फिल्मवर मला राखाडी ढगाखेरीज काही दिसत नव्हतं. "पोट उघडल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. पण मला हा कॅन्सर वाटतोय. मिसेसना किती सांगायचं ते तुम्ही ठरवा."

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. तेव्हा असंच चालायचं. आजार बाईचा आणि बातमी नवऱ्याला.

मी बाहेर आलो. विमल वजनकाट्याजवळच्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मी म्हणालो, "एक गाठ आहे. साधी. काढून टाकायची, की झालं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या फिल्मच्या पाकिटाकडे पाहिलं.

"सरी," ती म्हणाली. "तुमचा चहा राहिलाय सकाळपासून. कॅन्टीन कुठेय बघा."

मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव मी देणार नाही. त्यांनी त्यांचं काम नीट केलं. चूक झाली ती माझ्याकडून, आणि ती औषधपाण्याची नव्हती. तुमच्या घरात असा आजार आला तर तपासण्या, ऑपरेशन, औषधं यांची माहिती देणारे पुष्कळ भेटतील. मला सांगायचंय ते वेगळं आहे, पण ते आजाराच्या क्रमानेच सांगावं लागेल.

आधी 'सरी'बद्दल. कानडीत सरी म्हणजे ठीक, बरोबर, चालेल. रिक्षावाला भाडं ठरलं की सरी म्हणतो. दुकानदार पिशवी हातात देताना सरी म्हणतो. मी पुण्याहून इथे बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलो, तेव्हा शिकलेला तो पहिला कानडी शब्द. विमल मात्र इथलीच. तिचं माहेर मल्लेश्वरमचं. कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी फौजांबरोबर इकडे आलेल्या लोकांपैकी. घरात मराठीच बोलायचे, पण त्या मराठीत निम्मी कानडी. वडिलांना अण्णा, थोरल्या बहिणीला अक्का. माझ्या आईला लग्नात ती भाषा ऐकून हसू आवरलं नव्हतं.

लग्नानंतर विमलचं मराठी पुष्कळसं माझ्यासारखं झालं. 'सरी' तेवढी राहिली. मी काही विचारलं, सुचवलं, ठरवलं, की तिचं उत्तर ठरलेलं. मला ते फार सोयीचं होतं. मित्रांच्या घरी पडद्याच्या रंगावरून आठवडाभर अबोला चालायचा. मी त्यांना अभिमानाने सांगायचो, "आमच्याकडे एका शब्दात निकाल लागतो."

व्हाइटफील्डच्या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधायचं ठरवलं तेव्हाही तसंच झालं. आज तिथे जे काही उभं राहतंय त्यातलं तेव्हा काही नव्हतं. चिंचेची झाडं होती आणि कधीतरी येणारी बस. विमल मल्लेश्वरमच्या एका शाळेत शिकवायची. तिथून शाळेला जायचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागणार. मी म्हणालो, "मग सोडून दे नोकरी. गरज काय आपल्याला? आपण दोघंच." आम्हाला मूल नाही.

"सरी," विमल म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी प्लॉटवर खुंट्या मारायला माणूस पाठवला.

आता लक्षणांबद्दल, कारण वाचणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. या कॅन्सरला फारशी लक्षणं नसतात, असं डॉक्टर म्हणतात. असतात, पण ती इतकी साधी असतात की त्यांना कुणी लक्षण म्हणत नाही. विमलचं पोट फुगल्यासारखं व्हायचं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. ती परकराची नाडी सैल बांधू लागली. एकदा जेवताना म्हणाली, "आतून स्वल्प दाटल्यासारखं होतंय." स्वल्प म्हणजे जरासं. मी सांगितलं, "रात्रीचं जेवण कमी कर." तिने रात्रीचं जेवण बंद केलं. फॅमिली डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. त्या तिने इमानेइतबारे घेतल्या. असे कितीतरी महिने गेले.

तुमच्या घरात कुणी बाई पन्नाशीच्या आसपास सारखं पोट फुगतंय म्हणत असेल, तर गॅसची गोळी देण्याआधी एकदा सोनोग्राफी करून घ्या. एवढं ऐकलंत तरी पुरे.

ऑपरेशन झालं. गर्भाशय, दोन्ही ओव्हरी आणि पोटातलं चरबीचं आवरण काढलं. डॉक्टर म्हणाले, "स्टेज थ्री." म्हणजे कॅन्सर मूळ जागा सोडून पोटात पसरला होता. मग केमोथेरपी. शिरेतून औषध द्यायचं, मधे काही आठवडे सोडायचे, पुन्हा द्यायचं. त्या काळी मळमळ थांबवणारी चांगली औषधं नुकतीच येऊ लागली होती, तरी विमलला उलट्या व्हायच्या. केस गेले. तिच्या अक्काने सुती कापडाच्या टोप्या शिवून आणल्या. प्रत्येक वेळी रक्त तपासायचं आणि त्यात सीए वन ट्वेंटी फाइव्ह नावाचा आकडा बघायचा. हा कॅन्सर वाढला की बहुधा तो आकडा वाढतो. मी इंजिनिअर. मला आकडा मिळाला की बरं वाटतं. बायकोची तब्येत कशी आहे असं कुणी विचारलं की मी आकडा सांगायचो.

आकडा खाली आला. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. तिला कुणी कॅन्सर हा शब्द सांगितला नव्हता, पण त्या हॉस्पिटलच्या फाटकावरच तो लिहिलेला होता, आणि ती शिक्षिका होती. आम्ही दोघांनी मिळून तो शब्द घरात येऊ दिला नाही. मला वाटायचं, मी तिला जपतोय.

वर्ष उलटलं आणि पोट पुन्हा फुगलं. या वेळी पाण्यानेच. याला असायटिस म्हणतात. पोटाच्या पोकळीत पाणी साचतं. ते सुईने काढतात. त्याला टॅपिंग म्हणतात. काढलं की श्वास मोकळा होतो, पण काही दिवसांत पुन्हा भरतं.

डॉक्टरांनी मला बोलावलं. या वेळी त्यांनी दार लोटलं नाही. म्हणाले, "आजार परत आलाय. आता बरा होणार नाही. एक नवीन औषध आहे, पॅक्लिटॅक्सेल. त्याने काही महिने मिळू शकतात. मिळतीलच असं नाही. त्रास होईल. किंवा आपण फक्त दुखणं आणि पाणी सांभाळू. दोन्ही मार्ग योग्य आहेत. या वेळी मिसेसना विचारून या."

मी विचारलं. कसं विचारलं तेही सांगतो. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी उभाच होतो. म्हणालो, "एक नवीन औषध आलंय. अमेरिकेतसुद्धा हेच देतात. डॉक्टर तयार आहेत. मी औषधाच्या दुकानात सांगून ठेवलंय. घ्यायचं ना?"

तिने खिडकीकडे पाहिलं. पांघरुणाची घडी हाताने साफ केली.

"तुम्ही ठरवलंय ना? सरी."

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, "ती तयार आहे."

औषधाच्या पहिल्याच फेरीत ती आडवी झाली. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. साध्या जंतूंशी लढायलाही शरीरात कुणी उरत नाही. ताप आला. मग म्युकोसायटिस झाला, म्हणजे तोंड आणि घसा आतून सोलवटून निघाला. ओठांपासून घशापर्यंत फोड. पाण्याचा घोट गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बोलणं बंद झालं. मी मास्क लावून शेजारी बसायचो आणि विचारायचो, "बरंय का? स्वल्प बरंय का?" ती मान हलवायची. मान हो अशी हलतेय की नाही अशी, हेही मला समजायचं नाही. इतकी वर्षं मी तिचे शब्द मोजत आलो होतो. शब्द गेल्यावर माझ्याकडे काहीच राहिलं नाही.

खोली दोन खाटांची होती. मधे पडदा. पलीकडे एक चिनी बाई होत्या. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. इथल्या शिवाजीनगरजवळ त्यांचा वडिलांपासूनचा दवाखाना होता. जन्म कलकत्त्याचा, आयुष्य बंगळूरमध्ये. हिंदी, इंग्रजी आणि कानडी एकाच वाक्यात बोलायचे. त्यांचं आडनाव 'हो'. बोलता येत होतं तेव्हा विमल अक्काला म्हणाली होती, "बघ, नवऱ्याचं नाव हो, आणि बायको दिवसभर नको नको करते." त्या बाई खरंच तशा होत्या. सूप आणलं की नको, पंखा लावला की नको, नर्सला पाहिलं की नको. मला त्यांची दया यायची. विमलला त्यांचा हेवा वाटत होता, हे मला खूप नंतर कळलं.

एक दिवस मिस्टर हो पडदा सारून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी नेहमीचं विचारत होतो. बरंय का, दुखतंय का, पाणी हवं का.

"किती बडबड करता हो तुम्ही," ते म्हणाले. "बाहेर चला."

व्हरांड्यात त्यांनी मला बाकावर बसवलं. "माझ्या खुर्चीत माणूस बसला की मी काय म्हणतो? तोंड उघडा. तोंड उघडलं की बोलणं बंद. मग दुखतंय की नाही ते मला कसं कळतं?"

"कसं?"

"खुर्चीचा हात बघतो. बोटं घट्ट झाली की थांबतो. चपलेतला अंगठा बघतो. श्वास बघतो. नव्या डॉक्टरांना हे जमत नाही. ते विचारत राहतात, दुखतंय का? तोंडात ड्रिल असलेला माणूस काय सांगणार? आँ म्हणतो. ते समजतात, नाही दुखत."

मी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"माझे वडील ताओ मानायचे," ते म्हणाले. "रोज सकाळी आम्हाला बसवून सांगायचे. मी पळून क्रिकेट खेळायला जायचो, त्यामुळे मला अर्धंच येतं. पण एक समजलंय. ताओ म्हणजे वाट. वाट स्वतः चालत नाही, दुसऱ्याला चालू देते. ऐकणंही तसंच. तुम्ही इंजिनिअर ना? रिकाम्या खोलीत आवाज कसा येतो? आणि सामानाने भरलेल्या खोलीत?"

"रिकाम्या खोलीत घुमतो. भरलेल्या खोलीत दबतो."

"तुमच्या डोक्यात फार सामान आहे. औषध, आकडे, पुढे काय करायचं. बायको बोलते ते तुमच्या सामानावर आपटून मरतं. उत्तर आधी खाली ठेवा. काही करू नका. करायचं काही उरलं नाही, की मग ऐकू येतं."

मला राग आला. बायको मरणाच्या दारात असताना हा माणूस मला काही करू नका म्हणून शिकवत होता. मी जरा कुत्सितपणे विचारलं, "तुम्हाला येतं ऐकू? मिसेसचं?"

"मला?" ते हसले. "मी दात काढतो. घरी गेलो की बहिरा. तीस वर्षं तिने सांगितलं, तुमचा दवाखान्याचा वास मला आवडत नाही, आल्यावर आंघोळ करा. मी समजलो, बाई स्वच्छतेची वेडी आहे. आता इथे आल्यावर म्हणाली, तो वास आला की मला वाटायचं तुम्ही अजून दवाखान्यातच आहात." मग उठताना म्हणाले, "एक लक्षात ठेवा. ऐकू आलेलं आवडेलच असं नाही. त्याची जबाबदारी ताओ घेत नाही."

त्याच दुपारी अक्का आली. विमल झोपली होती. आम्ही दोघं व्हरांड्यात उभे होतो. मी आपला उगीच म्हणालो, "तिचीच इच्छा होती, अक्का, औषध घ्यायची. नाहीतर मी दिलं नसतं."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "विमी असं म्हणाली?"

"सरी म्हणाली."

"कशी म्हणाली?"

"कशी म्हणजे? सरी म्हणाली."

"भावजी, 'सरी, घेऊया' म्हणाली, की नुसतं 'सरी' म्हणून तोंड फिरवलं?"

मला खिडकी आठवली, आणि पांघरुणाची घडी.

अक्का बाकावर बसली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आमच्या अण्णांसमोर कुणाला नक्को म्हणायची सोय नव्हती. आईनेही कधी म्हटलं नाही. मान्य असलं की पुढे त्याच गोष्टीचं काहीतरी बोलायचं. सरी, कधी जायचं. सरी, मी भात टाकते. मान्य नसलं की नुसतं सरी, आणि उठून जायचं, नाहीतर विषय बदलायचा. सरी म्हणजे संपलं, आता बोलण्यात अर्थ नाही. अण्णांना ते कळायचं. ते ऐकायचे असं नाही, पण कळायचं तरी. तुम्हाला इतक्या वर्षांत गोत्तच नाही?"

गोत्त म्हणजे ठाऊक. नव्हतं.

मी तिथे उभा राहून मागे मोजत गेलो. प्लॉट. नोकरी. माझी आई आमच्याकडे राहायला आली ती वर्षं. सुट्टीत दरवेळी पुणंच. प्रत्येक ठिकाणी तो एकच शब्द होता, त्यापुढे दुसरा नव्हता. मी ज्याला एका शब्दात निकाल म्हणत होतो, तो निकाल तिच्याविरुद्ध लागलेला होता.

आणि ही फेरी. तिचं सोललेलं तोंड. ते मी तिला दिलं होतं, तिच्या संमतीने दिलं असं सांगून.

ताप उतरला, पेशी वर आल्या, फोड वाळायला लागले. दुसऱ्या फेरीची तारीख जवळ आली. डॉक्टर म्हणाले, "पुढचं ठरवा. मिसेसना विचारा."

मी खोलीत गेलो आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो. विचारलं नाही. मिस्टर होंचं मला पटलं होतं असं मी म्हणणार नाही. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून गप्प बसलो. पहिल्यांदा अवघड गेलं. दर मिनिटाला तोंडाशी काहीतरी येत होतं. पाणी हवं का. उशी सरकवू का. मी ते गिळत राहिलो. मग मला तिचा हात दिसला. मी खोलीत आलो तेव्हापासून तिची मूठ चादर धरून होती. सलाइन लावणारी नर्स आली की धरतात तशी. नर्स नव्हती. मीच होतो.

मी बसून राहिलो. उन्हाचा पट्टा खाटेच्या पायथ्यावरून भिंतीवर गेला. पडद्यापलीकडे मिसेस हो कशाला तरी नको म्हणाल्या. विमलच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. हसू होतं ते. मग हळूहळू मूठ सुटली.

बऱ्याच वेळाने ती बोलली. जीभ जड होती. "आज काही विचारायचं नाही?"

"नाही."

पुन्हा बराच वेळ गेला.

"अक्काकडची मधली खोली," ती म्हणाली. "तिथे सकाळी ऊन येतं."

पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, आपल्या घरी तर दिवसभर ऊन येतं, दक्षिणेला मुद्दाम खिडकी ठेवलीय. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते खाली ठेवलं. त्या उन्हाच्या मागे काय होतं ते मग ऐकू आलं. औषध पुरे. हॉस्पिटल पुरे. आणि ते घर नको, मी बांधलेलं. मरायलासुद्धा नको.

मी म्हणालो, "सरी. मी अक्काला फोन करतो."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "चांगला निर्णय आहे. आधी घेतला असता तरी चांगलाच होता." ते सहज बोलले असतील. मला ते वाक्य अजून पुरतं गिळता आलेलं नाही. त्यांनी दुखण्यावर कडक गोळ्या लिहून दिल्या. त्या वेळेवर द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही, हे दोनदा बजावलं. गोळीची सवय लागेल म्हणून अशा रोग्याला ती कमी देणारे नातेवाईक असतात. तसं करू नका. पाणी काढायला एक डॉक्टर मल्लेश्वरमला घरी यायला तयार झाले.

मल्लेश्वरमच्या त्या घरात मी पाहुणा होतो. रोज दुपारी जायचो, खुर्चीवर बसायचो. मला वाटलं होतं, आता आम्ही जवळ येऊ. शेवटच्या दिवसांत माणसं जवळ येतात असं सगळे सांगतात. विमल मात्र चिडू लागली. सुरुवातीला बारीकसारीक गोष्टींवर. मी चप्पल आत आणली, पेपर जोरात उलटला. मग एका दुपारी सगळंच आलं.

"मला ते घर कधीच आवडलं नाही. पाच वाजले की तिथे कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. मी शाळेतल्या पोरांची नावं पाठ म्हणत स्वयंपाक करायची."

मी पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

"तुम्ही मला विचारायचात म्हणे. कसं विचारायचात? ऑफिसात शिपाई सहीला कागद आणतो, तसं. मजकूर आधीच टाइप केलेला."

तिने दम घेतला.

"एखादं मूल आणूया म्हटलं होतं मी. अनाथाश्रमात जाऊन बघून आले होते अक्काबरोबर. तुम्ही म्हणालात, बघू. बघितलंत?"

मला ते आठवतही नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं. मी म्हणालो, "विमल, मला माफ—"

"माफी मागू नका. मग मला 'असू दे' म्हणावं लागतं. मला नाही म्हणायचं असू दे."

दारात अक्का उभी होती. तिने मला डोळ्यांनीच विचारलं, थांबवू का? मी नको अशी मान हलवली. विमलच्या गालावर रंग आला होता. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज खोलीभर पोचत होता. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. निघताना अक्का हळूच म्हणाली, "उद्या या बरं का. तुम्ही आलात की तिला भूक लागते."

तर असे ते आठवडे. मी जायचो, ती बोलायची, मी ऐकायचो. शब्दामागची भावना ऐकली की प्रेम ऐकू येतं, असा माझा समज होता. मला राग ऐकू आला. साठवलेला, नीट घडी घालून ठेवलेला, इतक्या वर्षांचा. एखाद्या दिवशी त्याच्या मागे आणखी काहीतरी असल्यासारखं वाटायचं. एकदा मला लागोपाठ पुष्कळ सुनावल्यावर ती मधेच थांबली आणि म्हणाली, "सदऱ्याचं बटण तुटलंय तुमच्या. अक्काकडे द्या." पण त्याला मी प्रेम म्हणणार नाही. तसं म्हणून मोकळं होण्याचा हक्क मला नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आज अशा खाटेशेजारी बसत असाल, तर मला एवढंच सांगता येतं. प्रश्न विचारताना उत्तर हातात घेऊन जाऊ नका. आजारी माणूस थकलेला असतो, तो तुमच्या हातातलं उत्तर उचलून तुम्हालाच परत देतो. तो चिडला तर चिडू द्या. ज्याच्यावर चिडता येतं असं एक माणूस शेवटी जवळ असणं हीही सोयच आहे. विमलने मला तेवढं तरी होऊ दिलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. ते तिने माझ्यासाठी केलं नसेल, तरीही.

शेवटच्या आठवड्यात तिचं बोलणं कमी झालं. बराच वेळ झोप. एका दुपारी तिने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही आता जा. उद्या येऊ नका."

मी लगेच उठलो नाही. खुर्चीवर बसून वाट बघितली. या वाक्यामागे काय आहे, थकवा आहे, राग आहे, की थांबा असं म्हणायचंय? तिच्या हाताकडे पाहिलं. बोटं सैल होती. श्वास संथ होता. मला जे ऐकू आलं ते एवढंच होतं की मागे काही नाही. तिला जे हवं होतं तेच तिने सांगितलं होतं. न वळवता, न झाकता, तिने माझ्याकडे केलेलं, मला अडवणारं ते पहिलंच मागणं असावं.

"बरं," मी म्हणालो. "मी घरीच आहे."

"हं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कपडे करून बसलो होतो. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. बस समोरून गेली. दुपारी अक्काचा फोन आला. विमल गेली होती. मधल्या खोलीत, अक्काच्या हातात हात देऊन. त्रास झाला नाही, असं अक्का म्हणाली.

भेटायला येणारे अजून विचारतात, शेवटच्या क्षणी तुम्ही जवळ होतात ना?

नव्हतो. येऊ नका, असं तिने सांगितलं होतं. मी ऐकलं.